बाबांना दिसेल असा व्हिडिओ

११ जानेवारी

धाकट्या,

फोन तू उचलणार नाहीस आणि मी करणारही नाही. दोन वर्षांपूर्वी तूच म्हणाला होतास, "त्यांच्याबद्दल काही असेल तर लिही, फोन नको." तर हे त्यांच्याबद्दलच आहे.

बाबांचे डोळे चाललेत. वय झालं की होतंच, असं मीही वर्षभर धरून चालले होते. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. मग एके दिवशी जेवताना माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या नाकाला काय झालं?" काही झालं नव्हतं. त्यांना माझं नाक दिसतच नव्हतं. केस दिसत होते, कान दिसत होते, मधे चेहऱ्याच्या जागी करडा डाग. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेचा राहतो. म्हणजे घरात फिरता येईल, दार सापडेल. पण वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचं तोंड बघणं, हे सगळं जाणार. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्यात थोडी धुगधुगी आहे. इंजेक्शनं झाली, आता त्यांचा उपयोग नाही. किती दिवस, विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत राहील कदाचित. जे दाखवायचं ते आत्ताच दाखवा. मोठं, ठळक, आणि उजेडात."

परत येताना लिफ्ट बंद होती. (तू होतास तेव्हाही बंदच असायची.) दुसऱ्या मजल्यावर बाबा कठड्याला धरून थांबले. मला वाटलं दम लागला. तर म्हणाले, "त्याची मुलगी आता सात वर्षांची असेल ना?"

तुझं नाव घेतलं नाही. 'त्याची' म्हणाले. पण या घरात तुझ्याशिवाय 'तो' कोण आहे?

मला फोटो हवेत. मुलीचे, तुझे, तुझ्या बायकोचे, घराचे, जे असतील ते. त्यांचा व्हिडिओ करून टीव्हीवर लावीन, एकामागून एक फोटो येतात ना, तसा. शाळेच्या निरोपसमारंभाला दर वर्षी मीच करते. ऑफिसात कौतुक होईल असं तेवढं एकच काम माझ्या वाट्याला येतं.

रागाव, पण पाठव.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

'व्हिडिओ मीच करून पाठवतो.' तुझी ही एक ओळ आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. आठवड्याने फोनवर व्हिडिओही आला. शाळेतच बघितला, हजेरीपटांच्या कपाटामागे उभी राहून. मुलीचे पुढचे दात पडलेत. तुझं पोट सुटलंय. बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण ते राहू दे.

घरी आल्यावर टीव्हीला जोडला. बाबांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की गुडघे टीव्हीला लागले. स्वच्छ बनियन घातलं होतं, केस विंचरले होते. मी म्हटलं, "बाबा, ती तुम्हाला बघणार नाहीये." तर म्हणाले, "तू लाव."

तू गाणं छान निवडलंयस. फोटो एकातून एक विरघळत येतात तेही छान. सव्वाचार मिनिटं ते हललेसुद्धा नाहीत. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." दुसऱ्या वेळी निम्म्यातच म्हणाले, "बंद कर."

"काय दिसलं?"

"कच्च्या रंगाचं कापड पाण्यात टाकल्यासारखं. सगळं एकमेकांत उतरलंय." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "डोळे गेले गं. डॉक्टरीण उन्हाळ्यापर्यंत म्हणाली होती. त्याआधीच गेले."

मी वायर काढून गुंडाळून ठेवली.

तुला माहीत नसेल, दुकान बंद केल्यावरही ते रोज खिडकीत शिवणाच्या मशीनसमोर बसायचे. कुणाची बाही लहान करायची असेल, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलं असेल. दिसेनासं झाल्यावरही हाताच्या अंदाजाने टाके घालायचे. माझ्यासमोर ज्या मशीनवरून एवढं रामायण झालं, जिच्यासमोर उभं राहून तू म्हणालास की जन्मात पुन्हा सुईला हात लावणार नाही आणि ते म्हणाले की मग माझ्या दारातही उभा राहू नकोस, तेच ते मशीन. त्या व्हिडिओनंतर त्यांनी मला त्याच्यावर झाकण घालायला सांगितलं. अंगुस्तान, खडू, टेप, सगळं डब्यात भरलं आणि डबा माझ्या हातात दिला. "वर ठेव. हात पोचणार नाही असा."

आज आठ दिवस झाले. खिडकीत बसत नाहीत. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडतात. मी शाळेतून येते, पोळीभाजी करते, ते जेवतात, पुन्हा पडतात. विचारलं की म्हणतात, "ठीक आहे."

तू वेळेवर पाठवलास. आम्हालाच उशीर झाला. तुझी चूक नाही, एवढं सांगायला हे पत्र.

ताई


१० फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र फाडून टाक. म्हणजे पुसून टाक, जे काय करतात ते. डोळे गेलेले नाहीत!

आमच्या कोपऱ्यावर एक स्टुडिओ आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे लेन्सबाई म्हणतात, त्याही ओ देतात. लग्नाचे व्हिडिओ करतात आणि कुणाशी धड बोलत नाहीत. मी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आणायला गेले होते. त्यांचा पडदा बघून मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, माझ्या भाचीचा व्हिडिओ आहे, मोठ्या पडद्यावर जरा बघू का? त्यांनी लावला आणि दहाव्या सेकंदाला थांबवला.

"हा कुणी पाठवला?"

"भावाने."

"भावाशी भांडण आहे का तुमचं?"

माझं तोंड उतरलं असणार. कारण त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, गंमत केली. पण हा व्हिडिओ नाही, हा व्हिडिओचा चोथा आहे."

मी जवळ जाऊन बघितलं. धाकट्या, माझे डोळे धडधाकट आहेत आणि मलाही मुलीचा चेहरा दिसला नाही. गालांचे चौकोन चौकोन झाले होते, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. फोनच्या बोटभर पडद्यावर सगळं गोजिरवाणं दिसतं, टीव्हीवर आणलं की पितळ उघडं पडतं. म्हणजे बाबांना जे दिसलं ते बरोबर दिसलं! रंग एकमेकांत उतरलेलेच होते. आणि मी शेजारी बसून, चष्मा न लावता, लांबून, ते म्हणाले तेच खरं धरलं. पंधरा दिवस त्या माणसाला आंधळा समजून वाढलं.

पळत घरी गेले. जिना चढताना धाप लागली. "बाबा, डोळे नाहीत गेले, व्हिडिओच खराब आहे." ते वळले नाहीत. म्हणाले, "समजूत काढू नकोस." किती सांगितलं, पटत नाही. त्यांना वाटतं, मला दया आलीय. आता ठळक व्हिडिओ समोर लागेल तेव्हाच पटेल.

लेन्सबाईंनी सांगितलं ते नीट वाच.

गप्पा मारायच्या ॲपवरून फोटो किंवा व्हिडिओ पाठवला की ते ॲप तो पिळून लहान करतं, लवकर पोचावा म्हणून. बहुतेक तू फोटोही कुणाकुणाकडून असेच गोळा केले असशील, म्हणजे ते आधीच एकदा पिळलेले. त्यांचा व्हिडिओ केलास, तो पुन्हा लहान मापात साठवला गेला, आणि मग पाठवताना तिसऱ्यांदा पिळला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. तेव्हा पाठवायचाच तर 'फाईल' किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, 'व्हिडिओ' म्हणून नको. नाहीतर नेटवर कुठेतरी चढव आणि मला नुसती लिंक दे. आणि व्हिडिओ साठवताना माप विचारतं तिथे सगळ्यात मोठं निवड. आपोआप येतं ते घेऊ नकोस.

घाई कर रे. डोळे आहेत, पण किती दिवस ते कुणालाच माहीत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

लिंक मिळाली. मी ती मिळाल्या मिळाल्या उघडली, तीच चूक झाली.

बाबांना मोठ्या मिनतवारीने उठवून बसवलं. व्हिडिओ लागला आणि पुन्हा तोच चिखल. त्यांनी दोन फोटो बघितले, हाताने नको म्हणाले आणि उठले. जाताना टीव्हीच्या टेबलाला पाय अडखळला. मी तुला तावातावाने लिहिलं की एवढं सांगूनही तू ऐकलं नाहीस. ते पत्र गेल्यावर लेन्सबाईंकडे गेले, तर त्यांनी कपाळाला हात लावला. व्हिडिओ चढवल्यावर त्याचं आधी हलकं रूप तयार होतं, चांगलं रूप यायला काही तास जातात. आणि दातेरी चाकाच्या खुणेवर जाऊन आपणच मोठा आकडा निवडायचा असतो, नाहीतर नेट मंद असलं की ते मुकाट्याने हलकंच दाखवतं. मी संध्याकाळी पुन्हा बघितला. बराच बरा होता. मुलीचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा लहान आहे, आपल्या आईचा होता तसा. पण तुझ्या घरातले जुने फोटो अजून फुटलेलेच आहेत, कारण मुळात तेच लहान आहेत. लहान कापड ताणून मोठं होत नाही, विरतं. बाबांचंच वाक्य. आणि ते आता टीव्हीसमोर यायलाच तयार नाहीत.

आता तुझ्या उत्तराबद्दल. तू रागावणार हे मी धरून होते. "तू मला कामाला लावतेस, मी चार वेळा करतो, आणि ते उठून जातात. त्यांना बघायचंच नाहीये. तेव्हाही नव्हतं बघायचं, तूच लिहिलं होतंस. आता माझा पिच्छा सोडा."

वाचलं. उत्तर द्यायला मला थोडे दिवस दे. अंगात त्राण नाही असं सांगितलं तर खरंच आहे, पण कारण ते नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

तेव्हाचं सांगते.

सात वर्षांपूर्वी, तुझी मुलगी झाली त्या आठवड्यात, मला दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत मुख्य लिपिकाची जागा मिळाली होती. मी कुणाला बोलले नव्हते. स्वतंत्र खोली, वर दोन खोल्यांचं राहायचं घर. बाबांना तेव्हा पित्ताशयाचं दुखणं होतं, दर आठवड्याला दवाखाना. त्यांना घेऊन जावं, तर ते दुकान सोडणार नाहीत हे मी न विचारताच धरून चालले. सोमवारी सकाळी मी नकाराचं पत्र टाईप केलं आणि पाठवलं. दुपारी तुझा फोटो आला. दुपट्यात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड, आणि खाली तू लिहिलं होतंस: 'मी बाप झालो. बाबांना दाखव. ते काय म्हणतात ते कळव.'

मी तो दाखवला नाही.

मी तो पुसून टाकला. आणि तुला लिहिलं, 'दाखवला. काही बोलले नाहीत. मान फिरवली.'

'मान फिरवली' हे मी का लिहिलं, याचा मी सात वर्षं विचार करतेय. 'काही बोलले नाहीत' एवढं पुरलं असतं. पण मला वाटलं, याला लागलं पाहिजे. हा उठून गेला, याला घर मिळालं, बायको मिळाली, आता मूल मिळालं. आणि मी इथे डब्यात खिचडी भरून दवाखान्यात रांग लावणार. असं वाटलं आणि लिहून मोकळी झाले. दोन शब्दांचं काम.

पुढच्या वर्षी बाबांना तुझ्या मुलीचं कुठूनतरी कळलं. त्यांनी मला एकदाच विचारलं, "फोटो नाही पाठवला त्याने?" मी म्हटलं, "नाही."

तेव्हा त्यांनी मान फिरवली, धाकट्या. खरोखरची. भिंतीकडे.

तू सात वर्षं समजत राहिलास की त्यांनी तुझ्या मुलीचं तोंड बघायचं नाकारलं. ते समजत राहिले की तू त्यांना तोंड दाखवायचं नाकारलंस. मी मधे बसून दोघांना जेवायला वाढत होते.

माफ कर असं लिहिलं होतं, खोडलं. इतक्या स्वस्तात नको.

फक्त एवढं कर. मूळ फोटो पाठव. तुझ्या फोनमध्ये, कॅमेऱ्यात जसे निघाले तसे, कुणाकडून फिरून न आलेले. पडद्याचा फोटो काढून नाही, कापून नाही, सजवून नाही. व्हिडिओ मी इथेच करते, म्हणजे मधे कुठे पिळला जाणार नाही. माझ्यासाठी नको पाठवूस. त्यांची काही चूक नव्हती.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

जवळजवळ तीन आठवडे तुझं काही आलं नाही. मी बाबांना काही सांगितलं नाही. डाव्या डोळ्यातला डाग मोठा होत होता, आता ते पेला उचलताना आधी बोटांनी चाचपतात. मी धरून चालले होते की तू पाठवणार नाहीस, आणि पाठवू नयेस असंही कधी कधी वाटायचं. मग मंगळवारी लिंक आली. सोबत एक शब्दही नाही. दोनशे चौदा फोटो. उतरायला सगळी दुपार गेली, शाळेचं नेट सगळ्या शिक्षकांनी मिळून शिव्या देण्याइतकं मंद झालं.

लेन्सबाईंनी दोन दिवस स्टुडिओतला कोपरा दिला. मी फोटोंना चमचमत्या कडा लावायला गेले, तर त्यांनी हात धरला. "नाचवू नका. फोटो सरकता ठेवला की कडा विरतात आणि म्हाताऱ्या डोळ्याला पकडता येत नाही. येऊ दे, थांबू दे, जाऊ दे." म्हणून एकेक फोटो बारा सेकंद, स्थिर. गाणं नाही. टीव्हीच्या मापाचा व्हिडिओ, सगळ्यात मोठ्या दर्जाचा, आणि तो पेनड्राईव्हवर. नेटचा संबंधच ठेवला नाही.

काल रविवारी सकाळी लावला. पडदे उघडे ठेवले, पण ऊन टीव्हीवर पडणार नाही असे. बाबा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "शेवटचं. यानंतर टीव्ही काढून टाकते." खुर्चीत बसले, उपकार केल्यासारखे.

पहिला फोटो मुलीचा होता, आंघोळीनंतरचा, केसातून पाणी गळतंय.  बाबांनी कोंबडीसारखी मान तिरकी केली. आता ते असंच बघतात, डोळ्याच्या कडेने, डाग बाजूला सारून. दुसरा फोटो. तिसरा. चौथ्याला म्हणाले, "दात पडलेत हिचे."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

परत आले तर ते फोटोंशी बोलत होते. "हा खिडकीत काय करतोय? ही याची बायको का? उंच आहे." तुला टक्कल पडत चालल्याचं त्यांना फार बरं वाटलं. "माझ्यावर गेलाय." आणि मग एका फोटोला एकदम हात वर केला. "थांबव!"

मुलगी दारात उभी आहे, गडद निळा कोट घालून. तुझ्या लक्षात येईल कोणता.

"मोठं कर."

व्हिडिओ थांबवला, मूळ फोटो उघडला, मोठा केला. फुटला नाही. आणखी मोठा केला. कॉलरच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याची हातशिलाई दिसायला लागली, टाका न् टाका. बाबा उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले, मान वाकडी, आणि बोटाने हवेत मोजायला लागले.

"हा कोट कुणी शिवला?"

"विकत घेतला असेल."

"विकतच्या कोटाला कोण चार टाके एकेरी आणि पाचवा दुहेरी घालतं? दोरा तुटला तरी चारच टाके उसवावेत म्हणून?" ते माझ्याकडे वळले. "हे मी दोनच माणसांना शिकवलंय. त्यातली एक तू. आणि तुझा टाका लांब असतो."

मी तो फोटो दोन दिवस कापत, लावत, मापत होते, धाकट्या. मला कॉलर दिसली, शिलाई दिसली नाही.

 "हात बसलाय त्याचा," म्हणाले. मग अर्थातच: "कॉलर मात्र उजवीकडे अर्धं बोट ओढलीय. कापताना धागा सरळ धरला नसणार. मी दहादा सांगितलं होतं."

त्यांना हसू येत होतं, आणि नाकही ओढत होते. मला ते बघवेना. म्हणून मी तेव्हाच सांगून टाकलं. नाकारलेली नोकरी, दुपट्यातला फोटो, मान फिरवली, सगळं. उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं.

ते खुर्चीत बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "एकदाच विचारलं मी तुला. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तू खोटं बोलली नसतीस. तेवढंही माझ्याने झालं नाही." मग म्हणाले, "त्या जागेचं मला का नाही सांगितलंस?"

मी ताटं घ्यायला आत गेले. 

उरलेले फोटो आम्ही जेवणानंतर बघितले. संध्याकाळी त्यांनी तो डबा मागून घेतला. शिवलं काही नाही. अंगुस्तान बोटात घालून बसले होते.

तोच व्हिडिओ तुझ्यासाठीही चढवलाय, लिंक खाली आहे. लगेच बघू नकोस, उद्या बघ. आणि दातेरी चाकावर जा.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

काल दुपारी बाबांचा फोन वाजला. बाबांचा फोन वाजत नाही. तो औषधांच्या वेळा ओरडण्यासाठी ठेवलाय. त्यांनी कानाला लावला, ऐकलं, आणि बसल्या बसल्या ताठ झाले. मी 'कोण?' असं हाताने विचारलं. त्यांना ते दिसलं नसावं. किंवा दिसलं असेल.

"हो," म्हणाले. मग, "हो, बघितला." मग माझ्या दिशेने, "तू जरा बाहेर जातेस का? दार ओढून घे."

बारा वर्षांत तुमच्या दोघांमधला एकही शब्द माझ्यावाचून इकडचा तिकडे गेला नव्हता. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले असते तर ऐकू आलं असतं, लाकूड पातळ आहे. उभी राहिले नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेव. खाली उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, स्टुडिओ बंद होता. बसथांब्याच्या बाकावर बसले. कुठे जायचं नव्हतं. किती तरी दिवसांत मी कुठेही जायचं नसताना बाहेर बसले नव्हते. तीन बसगाड्या गेल्या, तिसरीच्या चालकाने थांबून दार उघडलं, मी मान हलवली. डोळा लागला होता बहुतेक.

परत आले तर फोन टेबलावर होता आणि बाबा खिडकीत मशीनसमोर. झाकण काढलेलं. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, "पंधरा तारखेला येतोय. तिघं. महिनाभर." आणि थोड्या वेळाने, पोळीचा तुकडा ताटात शोधत, "तुला तेवढे दिवस कुठे जायचं असेल तर जा, असं तो म्हणत होता."

 रागावून म्हणालास की मायेने, ते बाबांच्या आवाजावरून कळलं नाही, आणि मी ते यापुढे त्यांच्याकडून काढूनही घेणार नाही. मला सांगायचं असेल तर तूच सांगशील. मी कुठे जाणार नाही. किंवा जाईन, चार दिवस. बघू. आधी मला झोपायचंय.

डॉक्टरीणबाईंकडे परवा जाऊन आलो. डाव्याचंही आता फार राहिलं नाही. मुलीला सांग, आजोबा तिच्याकडे थेट बघणार नाहीत, कानाकडे बघितल्यासारखं बघतील. तिने घाबरायचं नाही आणि हलायचं नाही, थोडा वेळ स्थिर उभं राहायचं. उजेडात.

पुढची खोली तुम्हाला रिकामी करतेय. तुझ्या बायकोला काय लागतं ते तिला विचारून लिही. आणि तुझं सांग. तू पूर्वी पातळ उशी घ्यायचास, तीही मधोमध दुमडून. अजून तशीच लागते की आता बदललं? मला खरंच माहीत नाही.

ताई